मधुमेहींची स्मरणशक्ती आणि वनौषधी : काय घ्यावे, काय टाळावे

मधुमेहाचे दुष्परिणाम सांगताना डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय यांचा उल्लेख नेहमी होतो. या अहवालाच्या वाचकांनाही तो परिचित आहे. मेंदूचे नाव मात्र त्या यादीत सहसा येत नाही. असे असले तरी आमच्या मधुमेह विभागात येणाऱ्या वयस्क रुग्णांचे नातेवाईक आता पायाच्या जखमेइतक्याच काळजीने आणखी एक तक्रार सांगतात. सकाळची गोळी घेतली की नाही, हे आईला आठवत नाही. बाबा एकच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारतात. आयुष्यभर दुकानाचा हिशेब तोंडी करणारे काका आता सुटे पैसे मोजताना गोंधळतात. त्यानंतर बहुधा पुढचा प्रश्न येतो : "ब्राह्मी सुरू केली तर चालेल का?"

हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडे वनौषधींची परंपरा मोठी आहे आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू हरवत चालली आहे असे दिसल्यावर कुटुंबाने हाताशी असलेला प्रत्येक उपाय शोधावा, हे स्वाभाविकच होय. परंतु मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही वनस्पतींविषयी आशा वाटावी असे थोडेसे पुरावे आहेत, काहींविषयी ते नाहीत आणि काही वनस्पती मधुमेहीला अपाय करू शकतात. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

मधुमेह आणि मेंदू

आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के असतो. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातील साखरेतून येते. त्यामुळे साखर दीर्घकाळ जास्त राहणे आणि ती एकाएकी खूप खाली जाणे, या दोन्ही गोष्टी मेंदूला सोसत नाहीत.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होतात. डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडांत जे घडते, तेच येथेही घडते. फरक एवढाच की ते बाहेरून दिसत नाही. लहान लहान भागांचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे तंतू क्षीण होतात. त्यामुळे रुग्ण सर्वस्वी विसरतो असे नाही. पण त्याचा विचार मंदावतो, दोन कामे एका वेळी जमत नाहीत आणि ठरवलेल्या गोष्टींचा क्रम चुकतो. मधुमेहाबरोबर बहुधा रक्तदाबही असतो आणि तो या हानीत भर घालतो. शिवाय पेशींनी इन्सुलिनला दाद न देणे, हा जो दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील मूळ दोष, त्याचा मेंदूतील पेशींवरही परिणाम होतो असे संशोधकांना आढळले आहे.

अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट असते. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची शक्यता तर सुमारे दुप्पट असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा निष्कर्ष निघाला. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे विषयाचे गांभीर्य ध्यानी येते. मात्र प्रत्येक मधुमेहीला स्मृतिभ्रंश होतो, असा याचा अर्थ नाही. बहुसंख्य रुग्णांना तो होत नाही.

औषधाआधी कारणाचा शोध

विसरण्याची प्रत्येक तक्रार स्मृतिभ्रंशाची नसते. मधुमेहीच्या विसरण्यामागे पुष्कळदा असे कारण असते, जे शोधले तर दुरुस्त होते. वनौषधीची बाटली सुरू करण्यातील पहिला तोटा हाच, की ती सुरू झाल्यावर कारणाचा शोध थांबतो आणि अमूल्य महिने निघून जातात.

पहिले कारण म्हणजे रक्तातील साखर कमी होणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तरुण माणसाला घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात. त्याऐवजी ते गोंधळतात, चिडतात, असंबद्ध बोलतात किंवा गप्प बसून राहतात. घरच्यांना वाटते, वयामुळे असे होते आहे. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात सोळा हजारांहून अधिक मधुमेहींचा अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग ज्यांच्यावर ओढवले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले आणि असे प्रसंग जितके जास्त, तितके ते प्रमाणही वाढलेले दिसले.

दुसरे कारण म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील अत्यंत उपयुक्त औषध आहे; परंतु ते अनेक वर्षे घेतल्यास अन्नातील बी-१२ कमी शोषले जाते. रुग्ण शाकाहारी असेल तर मुळातच ते कमी मिळत असते. या कमतरतेने पायांना मुंग्या येतात आणि विस्मरणही होते. मुंग्यांचा दोष मधुमेहाला दिला जातो, विस्मरणाचा वयाला, आणि एका साध्या रक्ततपासणीने कळणारी गोष्ट तशीच राहून जाते.

याशिवाय थायरॉइडचे विकार, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेत श्वास अडकणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरील काही गुंगी आणणारी औषधे ही कारणेही तपासावी लागतात. विस्मरण काही तासांत किंवा दिवसांत अचानक सुरू झाले, बोलणे अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर मात्र वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात आणावे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांतील विचार

बुद्धी व स्मृती वाढवणाऱ्या द्रव्यांना आयुर्वेदात 'मेध्य' म्हटले आहे. चरकसंहितेतील चिकित्सास्थानाच्या आरंभी, रसायनाच्या प्रकरणात, चार मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघांत शंखपुष्पीला विशेष मान दिला आहे. आज सर्वांच्या तोंडी असलेली ब्राह्मी या चौघांत नाही. तिच्यापासून केलेल्या घृताचा उल्लेख त्याच ग्रंथात अपस्माराच्या चिकित्सेत येतो.

नावांचा घोळही येथेच सुरू होतो. ओल्या जागी वाढणारी, लहान मांसल पानांची नीरब्राह्मी ही एक वनस्पती. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी ही दुसरी. तिला कोकणात कारिवणा म्हणतात. बाजारात दोन्ही 'ब्राह्मी' याच नावाने मिळतात. शंखपुष्पीच्या नावाखालीही प्रांतपरत्वे वेगवेगळ्या वनस्पती दिल्या जातात. कोठे विष्णुक्रांता, तर कोठे गोकर्णही. तेव्हा 'ब्राह्मीने गुण आला' असे कोणी सांगितले, तर कोणती ब्राह्मी, हा पहिला प्रश्न उरतोच. आणि केसांना लावायचे ब्राह्मी-आवळ्याचे तेल हे डोक्याला शांत वाटण्यापुरते ठीक असले, तरी त्याने मधुमेहीची स्मृती सुधारेल असे मानण्यास आधार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याच परंपरेने प्रमेहाच्या चिकित्सेत केवळ औषधी सांगितल्या नाहीत. बैठे सुख आणि झोपेचे सुख यांना चरकाने प्रमेहाच्या कारणांत गणले आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेही रुग्णाला शेकडो कोस पायी चालण्याचा, गाईंमागे हिंडण्याचा, विहिरी खणण्याचा उपाय सांगितला आहे. आणि रुग्ण कृश असेल तर त्याला जपावे, असेही बजावले आहे. परंपरेचा आधार घेताना बाटलीतील काढा तेवढा घ्यायचा आणि चालणे सोडून द्यायचे, हे परंपरेलाही धरून नाही.

आधुनिक चाचण्यांत काय आढळले?

एखादे औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवण्याची सर्वमान्य रीत अशी : रुग्णांचे दोन गट पाडायचे, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यायची, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व तपासणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि ठरलेल्या काळानंतर दोन्ही गटांची तुलना करायची. या रीतीने पारखल्यावर चित्र असे दिसते.

ब्राह्मी (नीरब्राह्मी). ऑस्ट्रेलियात चाळीस ते पासष्ट या वयाच्या ७६ जणांवर झालेली एक चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीन महिने ब्राह्मी घेतलेल्यांना नव्याने शिकलेल्या गोष्टींचा विसर थोडा कमी पडला. स्मृतीच्या व एकाग्रतेच्या इतर कसोट्यांत फरक आढळला नाही. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे देऊन झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीतही शब्द आठवण्याच्या कसोटीत सुधारणा दिसली. हे निकाल आशादायक आहेत. पण ही माणसे निरोगी होती, मधुमेही वा स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती. काहींना मळमळ, पोटात कळा आणि वारंवार शौचास होणे हे त्रास झाले.

अश्वगंधा. सौम्य विस्मरण असलेल्या ५० व्यक्तींना आठ आठवडे अर्क देऊन केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत स्मृती व एकाग्रता सुधारल्याचे नोंदले गेले. पन्नास माणसे आणि आठ आठवडे एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. अश्वगंधेने साखर कमी होऊ शकते, थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते, गुंगी येऊ शकते आणि क्वचित यकृताला सूज आल्याचेही वृत्तांत आहेत.

हळद. हळदीतील कुरकुमिन हे द्रव्य शरीरात फार थोडे शोषले जाते. ते अधिक शोषले जावे अशा रीतीने तयार केलेल्या गोळ्या अमेरिकेत ४० व्यक्तींच्या चाचणीत दीड वर्ष देण्यात आल्या आणि स्मृतीच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मात्र अल्झायमरच्या रुग्णांवरील आधीच्या एका चाचणीत कुरकुमिनचा लाभ दिसून आला नव्हता. भाजी-आमटीतील हळद सुरक्षित आहे. गोळ्यांतील मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मात्र इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत.

गिंको. हा मूळचा चीनमधील वृक्ष. त्याच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या आपल्याकडेही मिळतात. याची परीक्षा सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना सुमारे सहा वर्षे गोळ्या दिल्या गेल्या. २००८ साली निकाल आला तेव्हा गिंको घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी-अधिक झालेले नव्हते. फ्रान्समध्ये २,८५४ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचा निकालही २०१२ साली तसाच लागला. या उदाहरणातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, छोट्या चाचण्यांत चमकलेली वनस्पती मोठ्या चाचणीत टिकेलच असे नाही. ब्राह्मीची व अश्वगंधेची तशी परीक्षा अजून व्हावयाची आहे.

आणि मुख्य मुद्दा हा : मधुमेह झालेल्या उंदरांना वनस्पतींचे अर्क दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली, असे सांगणारे निबंध पुष्कळ आहेत. मधुमेहामुळे स्मृती खालावलेल्या माणसांवरील मोठ्या आणि दीर्घ मुदतीच्या चाचण्या मात्र जवळजवळ नाहीतच. 'मधुमेहींच्या स्मरणशक्तीवर रामबाण' अशी जाहिरात वाचली, तर तिचा आधार बहुधा उंदरांपर्यंतच पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे. मधुमेह अथवा मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हेही वाचकांना ठाऊक असावे.

मधुमेहीसाठी विशेष धोके

वनस्पती नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज मधुमेहीने तरी मनातून काढून टाकावा. धोके पाच प्रकारचे आहेत.

पहिला, साखर खाली जाण्याचा. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांचे चूर्ण, गुडमार, विजयसार, गुळवेल यांनी साखर काही प्रमाणात कमी होऊ शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना त्यांत यांची भर पडली आणि त्या दिवशी जेवणही कमी झाले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. जी स्मृती वाचवण्यासाठी हा खटाटोप, तिलाच त्यामुळे इजा पोहोचते.

दुसरा, दडलेल्या साखरेचा. सारस्वतारिष्टासारख्या अरिष्टांत गूळ, साखर किंवा मध असतो आणि किण्वनातून तयार झालेले मद्यार्कही असते. शंखपुष्पीची व ब्राह्मीची सरबते आणि च्यवनप्राश यांत साखरेचे प्रमाण मोठे असते. चहातील साखर सोडलेला रुग्ण दिवसातून दोन वेळा हे घेत राहतो आणि साखर का वाढते याचे कोडे घरच्यांना सुटत नाही.

तिसरा, यकृत व रक्तदाब यांचा. चरकोक्त चार रसायनांपैकी ज्येष्ठमध जास्त मात्रेत व अनेक दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साठते आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते. रक्तदाब असलेल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या मधुमेहीने तो नियमित घेऊ नये. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. मात्र तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात अपायकारक ठरू शकते, असेही २०२२ साली कळवले. दारातील वेल कोणती, हे ओळखता न येणाऱ्याने दोन्ही मतांतून सावधपणाच घ्यावा.

चौथा, इतर औषधांशी होणाऱ्या संघर्षाचा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. आकडीसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांची आकडी पुन्हा सुरू झाली. शोध घेता ते रुग्ण शंखपुष्पीचे एक औषधही घेत असल्याचे आढळले. त्यामुळे रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटले होते. गिंकोने ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मधुमेहीच्या डबीत एकाच वेळी सात-आठ गोळ्या असतात; म्हणून त्यांत नवव्या वस्तूची भर घालण्याआधी विचारणे आवश्यक आहे.

पाचवा, भेसळीचा. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत झाली. २००८ साली तिचा अहवाल आला, तेव्हा सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे व पारा हे मेंदूचेच शत्रू आहेत. त्याच वर्षी सिंगापूरमध्ये ग्लिबेनक्लामाइडची भेसळ असलेल्या बनावट गोळ्यांमुळे सुमारे दीडशे जणांची साखर धोकादायक रीतीने खाली गेली आणि चौघे दगावले. त्या गोळ्या मधुमेहासाठी विकल्या जात नव्हत्या. तरीही त्यांत मधुमेहाचे औषध निघाले. 'चार दिवसांत साखर उतरते' अशी ख्याती असलेल्या निनावी पुड्यांविषयी शंका घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

मग वनस्पती निरुपयोगी का?

मुळीच नाही. मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील एका जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या झुडपात आहे. त्या झुडपातील द्रव्याने साखर उतरते, पण ते विषारी असते, असे आढळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी नाते सांगणारी अधिक निर्धोक द्रव्ये तयार केली. आणि १९५७ साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहींवरील उपयोग प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे गॅलँटामाइन हे औषध स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडातून हाती आले. वनस्पतीचा गुण आणि दोष दोन्ही मोजले गेले, मात्रा ठरली, निकोप दर्जा राखला गेला, तेव्हाच त्यांचे औषध झाले. आपल्या ब्राह्मीला व मंडूकपर्णीलाही हाच मार्ग मिळावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. परीक्षेची मागणी करणे हा परंपरेचा अनादर नव्हे.

खात्रीचे उपाय

फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर या वयाच्या १,२६० व्यक्तींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षे संतुलित आहार, व्यायाम, मेंदूला चालना देणारे उपक्रम आणि रक्तदाब-साखरेची देखरेख या चारही गोष्टी एकत्र केल्यावर त्यांची आकलनशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. यांतील एकही गोष्ट बाटलीत मिळत नाही. पण प्रत्येक गोष्ट आपल्या घरी होऊ शकते.

साखर नियंत्रणातही तारतम्य हवे. अमेरिका व कॅनडातील सुमारे तीन हजार मधुमेहींच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली आला. साखर अतिशय काटेकोरपणे खाली आणल्याने चाळीस महिन्यांनंतरही स्मृतीला अधिक लाभ झाला नव्हता. म्हणून धडधाकट ज्येष्ठांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, म्हणजे एचबीए१सीचे, उद्दिष्ट ७ ते ७.५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. अनेक व्याधी असलेल्या किंवा स्मृती ढळलेल्या रुग्णांत ८ टक्क्यांपर्यंत सूट देणे हिताचे ठरते. ही सूट म्हणजे हलगर्जी नव्हे. मेंदूला उपाशी पडू न देण्याची ती खबरदारी आहे.

कुटुंबीयांसाठी सूचना

१. विस्मरणाची तक्रार कधी सुरू झाली, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, त्या वेळी साखर किती होती, हे वहीत लिहून आणावे.

२. रुग्ण गोंधळलेला दिसला तर प्रथम ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

३. बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, तसेच डोळ्यांची व कानांची तपासणी करून घ्यावी.

४. घरात चालू असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे व अरिष्टे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. वनौषधी चालू असल्याचे सांगण्यात संकोच बाळगू नये. आमच्याकडे त्यासाठी कोणी रागावणार नाही.

५. वनौषधी घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, परवाना क्रमांक व घटकांची यादी छापलेली, साखरविरहित आणि एका वेळी एकच घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत साखर अधिक वेळा तपासावी. तीन महिन्यांत फरक न दिसल्यास थांबवावी. शस्त्रक्रिया ठरली असल्यास आधी कळवावे.

६. डॉक्टरांनी दिलेली गोळी वनौषधीच्या भरवशावर कधीही बंद करू नये.

७. आठवड्यातील बहुतेक दिवशी अर्धा तास चालणे, तंबाखू सोडणे, पुरेशी झोप, आणि भजन, वाचन, पत्ते, नातवंडांचा अभ्यास असे काही तरी रोज ठेवावे. आठवड्याच्या गोळ्यांची खणांची डबी घ्यावी. विसरणाऱ्या माणसाला उपदेशापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

समारोप

या विषयात मोठ्या यंत्रसामग्रीपेक्षा वेळ अधिक लागतो. एका ज्येष्ठ रुग्णाजवळ बसून त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगणे, घड्याळाचे चित्र काढायला देणे, त्याच्या पिशवीतील प्रत्येक बाटली वाचणे आणि सुनेला किंवा मुलाला साखर मोजायला शिकवणे, यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. विभागाबाहेर रांग उभी असते. तरीही हा वेळ काढला, तर एखाद्याचे विस्मरण बी-१२च्या इंजेक्शनाने उतरते, एखाद्याची संध्याकाळची गोळी कमी करताच गोंधळ थांबतो. आणि ज्याचा स्मृतिभ्रंश खरोखरच सुरू झाला आहे, त्याच्या कुटुंबाला पुढच्या वाटेची कल्पना वेळेवर येते.

आमच्या देणगीदारांचा व विश्वस्तांचा आधार अशा न दिसणाऱ्या वेळेलाही लाभतो. कोनशिलेवर या कामाची नोंद होत नाही. पण आपल्या माणसाने आपल्याला नावाने हाक मारावी, एवढीच ज्या घराची अपेक्षा असते, त्या घराला त्याचे मोल कळते. रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच, की विस्मरण हे वयाचे देणे म्हणून सोडून देऊ नका आणि ऐकीव औषधावर वेळही घालवू नका. तक्रार लहान असतानाच तपासणीस या.